भागीरथाबाईची तूर आन् वकिलाच्या पोराचा काटा

सरळ सडक दिसली का काही लोकांच्या पायाले खाज सुटते. मी शंकरसिंग राठोड, एसटीचा डायव्हर. आख्खी नोकरी आर्णी आन् फुलसावंगीच्या मधात गेली, आता रिटायर होऊन घरी बसलो. आमच्या हिवरदरीच्या फाट्याजवळ सडक अशी सरळ आहे का एका टोकाले उभं राह्यलं तं दुसऱ्या टोकाची बैलबंडी माशीएवढी दिसते. ना वळण, ना चढ, ना पूल. त्या सडकेवर नवं डांबर पडलं तेव्हा गावात पेढे वाटले होते लोकाईनं. मूर्ख लेकाचे! मीबी एक खाल्ला होता.

डांबर पडलं आन् शहरातले पोट्टे आमच्या फाट्यावर काटा पाहाले येऊ लागले. काटा म्हणजे स्पीडचा काटा. गाडी नवी घेतली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडला, का निघाले हिवरदरीले. गाडी जास्तीत जास्त किती पळते ते पाहाचं म्हणे. काहून पाहाचं? तं म्हणे, कंपनीनं एकशे ऐंशीपर्यंत आकडे छापले आहे ना! अरे, तुझ्या घरच्या विहिरीत चाळीस फूट पाणी आहे म्हणून तू तळ पाहाले उडी मारतं का? पाहाचंच असन तं आपल्या बापाच्या वावरात सडक बांध, आन् मार चकरा दिवसभर. मरशीन तं एकटा तरी मरशीन.

मी जिंदगीभर गाडी हाकलली. गाडी ब्रेकनं थांबत नाई, बाप्पा, जागेनं थांबते. जेवढी जोरात, तेवढी जास्त जागा खाते. आन् आमच्या सडकेवर मोकळी जागा आहे कुठी? तिथून शेळ्या जाते, शाळेतले लेकरं जाते, बिनलाइटीची बंडी जाते. कापसाच्या पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई जाते, जिले मान वळवून मागं पाहताच येत नाई. शहरातल्या माणसाले वाटते सडक खाली आहे. खाली नसते ती. आमचं अर्ध घर असते तिच्यावर.

भागीरथाबाईचं तं अर्ध्याच्या वर होतं. तिचीच गोष्ट सांगाची आहे मले. डोकं तापलेलं आहे माझं, मधात दोनचार शिव्या निघतीन, ऐकून घ्या.

भागीरथाबाई फुलसावंगीची लेक, आमच्या हिवरदरीत दिली बबनरावले. ठेंगणी, काळीसावळी, आन् आवाज असा का वावराच्या त्या टोकाच्या धुऱ्यावरून हाक मारली तं इकडे माझ्या बसच्या काचा वाजाव्या. माहेरी जाची तं माझ्याच गाडीनं. डायव्हरच्या मागची सीट तिची. त्या सीटवर कोणी बसला असन तं ती त्याच्याकडं असं पाहे, का तो माणूस आपोआप उठून मागं जाये. आन् मंग फुलसावंगी येईस्तोवर माझ्या डोक्यामागं पट्टा चालू. शंकरभाऊ, खड्डा पाह्यला नाई का? शंकरभाऊ, त्या म्हताऱ्याले काहून नाई घेतलं? मी म्हणे, बाई, तूच चालव ना. तं म्हणे, चालवली असती, पण मंग तुझ्या लेकराईनं काय खाल्लं असतं?

बबनराव तिच्या उलटा. लंबा, काडीपैलवान, बोलणं कमी आन् हसणं जास्त. चहाचा असा शौकीन का फाट्यावरच्या खेमसिंगच्या हॉटेलात त्याचा ग्लास वेगळा ठेवलेला. आन् मरणाले असा भ्यायचा तो माणूस, विचारू नका! साधी सर्दी झाली तं डॉक्टरनं देल्लेल्या गोळ्या शेवटल्या गोळीपर्यंत खाये. विहिरीच्या काठावर उभा राहे तं एका हातानं झाड धरून. एकदा कुत्रं चावलं, तं सगळे इंजेक्शनं घेतले, वरून कंपाउंडरले विचारते, अजून एखादं घेतलं तं चालन का? आम्ही हसून हसून लोळलो होतो तेव्हा. हे ध्यानात ठेवा, पुढं काय काय बोलले लोकं त्याच्याबद्दल ते ऐकान तं तुमचंबी टाळकं सरकन.

ते सालं कापसाचे लय वाईट होते. बोंडं सडे, जे हाती येये त्याले भाव नसे, आन् गावोगाव माणसं औषध पिऊन मरून राह्यले होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात येये ते त्याच्याचसाठी. मोठ्या मोठ्या गाड्या येत, कॅमेरे येत, रडणाऱ्या बाईचा फोटो काढून चालले जात. पण बबनरावच्या घरी तसं काही नव्हतं. नवरा, बायको आन् एक लहान पोरगी, एवढंच घर. बाई हिशेबाची पक्की. तिनं नवऱ्याले सांगतलं, पऱ्हाटी कमी कर आन् तूर वाढव. गावातले लोकं हसले, बायकोच्या सल्ल्यानं पेरते म्हणे. त्या साली ज्याच्या घरी तूर होती त्याच्याच घरी दिवाळीले नवं लुगडं आलं, मंग चूप बसले सगळे.

आता ते सडकेचं. आमच्याकडं तूर रोडवर टाकाची रीत आहे. थ्रेशरवाला पहिले मोठ्या वावरवाल्याकडं जाते, लहान माणसाचा नंबर लागेस्तोवर पाखरं आन् उंदरं अर्धी तूर खाऊन टाकते. मंग आमच्या बायका काय करते, तं डांबराच्या अर्ध्या भागात वाळल्या तुरीच्या पेंढ्या पसरवते. दोन्ही टोकाले गोटे मांडते. गोट्यात काडी रोवून लाल फडकं बांधते. एसटी, ट्रक, जीप त्याच्यावरून गेली का शेंगा फुटते, दाणे मोकळे होते. मंग दाताळ्यानं तुराट्या बाजूले कराच्या, खराट्यानं दाणे गोळा कराचे, वाऱ्यावर उपणून कुटार, म्हणजे भुसा, उडवाचं. मळणी फुकटात.

चुकीचं आहे का हे? आहे! मी काही नाई म्हणत नाई. दाण्यावरून चाक सरकते, मोटरसायकलवाले पडते. मी दर साली बस हळू करून खिडकीतून ओरडे, "भागीरथाबाई, सडक तुझ्या बापाची आहे का?" तं ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "मंग तुझ्या बापाची आहे का? चाल, मुकाट्यानं तूर मोड. येताना या बाजूनं ये, ती बाजू राह्यली मोडाची!" बसमधले सगळे हसत. आन् मी, मी पागल, येताना खरंच त्या बाजूनं येत होतो.

आम्ही डायव्हर लोकं ते लाल फडकं ओळखत होतो. लाल दिसलं का पाय आपोआप ब्रेकवर. परमुलखातले ट्रकवालेबी ओळखत. कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळे पाळत. त्याच्याच भरवशावर आमच्या बायका रोडवर उभ्या राहत. एवढीच चूक त्यांची. त्यांना वाटलं, जो गाडी चालवते त्याले माणूस दिसतेच.

आता तो पोट्टा. मंदार नाव त्याचं. पुसदच्या नरहरराव वकिलाचा एकुलता एक. तीन पिढ्या कोर्टकचेरीत गेलेलं घराणं, बापाच्या टेबलावर आमच्या तालुक्याचे निम्मे खटले. पोराले नवी पांढरी गाडी घेऊन देल्ली होती. दोनदा येऊन गेला होता तो आमच्या फाट्यावर. पहिल्या वेळी कुत्रं मेलं, दुसऱ्या वेळी धावजीची शेळी. धावजी म्हणजे आमचा माजी सरपंच. त्यानं काय केलं असन? वकिलाच्या पोराशी ओळख झाली म्हणून खूश! शेळीबद्दल चकार शब्द नाई. आन् गावातले पोट्टे? ते तं टाळ्या वाजवाले रोडच्या कडेले उभे राहत. शेळी मेली तेव्हाच आपण सगळ्याईनं रोडवर आडवे झोपलो असतो ना, तं बबनराव आज जिता असता. पण नाई. आपल्याले तमाशा पाहाले पायजे.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. थंडी उतरत होती, दुपारी वारा मस्त सुटला होता, उपणाले एक नंबर. मी खेमसिंगच्या हॉटेलात बसलो होतो. मंदारची गाडी आली, संग एक दोस्त. पुसदकडून आला म्हणजे भागीरथाबाईच्या तुरीजवळूनच आला, बरं का, हळू करून आला. त्यानं तूर पाह्यली होती, फडकं पाह्यलं होतं, माणसं पाह्यले होते. दोघाईनं चहा घेतला. दोस्ताले म्हणते, "आज काटा टेकवतोच." आर्णीकडं जाऊन गाडी वळवाची आन् तिकडून सुसाट याचं, असा बेत.

मी उठलो. म्हटलं, "बाबू, तिकडे तूर पडली आहे. दोन माणसं काम करून राह्यले. आज नको."

"पाहिलंय काका," म्हणे. "हॉर्न मारतो ना मी!"

हॉर्न मारतो! मी गाडीच्या खिडकीतून आत हात घातला चावी काढाले. त्यानं हसत हसत काच वर केली. माझा हात अडकला असता, काढून घेतला म्हणून वाचला. आन् गेला तो आर्णीकडं.

मी तुरीकडं धावत निघालो, पण माझे पाय ते किती पळतीन? ओरडलो, तं वारा उलटा. भागीरथाबाई रोडच्या मधात उभी होती, सूप डोक्यावर धरून, पाठ आर्णीकडं. डोक्याले पदर गुंडाळलेला, कान झाकलेले, कुटार उडून राह्यलेलं. बबनराव रोडच्या त्या बाजूले बाभळीखाली पोतं शिवत बसला होता. त्यानं पाह्यलं. हॉर्न वाजला का नाई वाजला मले माहीत नाई. वाजला असन. तेवढ्या जोरात येणाऱ्या गाडीचा हॉर्न आन् गाडी बरोबरच पोहचते, बाप्पा, त्याचा फायदा काय?

बबनराव सुई टाकून उठला आन् रोडवर धावला. सरळ. इकडं नाई, तिकडं नाई. त्यानं भागीरथाबाईले दोन्ही हातानं असा धक्का देल्ला का ती सुपासगट नालीत जाऊन पडली. तेव्हाच त्या पोट्ट्यानं ब्रेक दाबला. तुरीच्या दाण्यावर, त्या स्पीडनं, ब्रेक! गाडी आडवी झाली, सरकत आली, आन् बबनराव तिच्या वाटेत होता.

मी पोहचलो तेव्हा काही राह्यलं नव्हतं. भागीरथाबाई नालीतून वर आली, अंगाले कुटार चिकटलेलं, आन् म्हणाली, "कोणी पाडलं रे मले?" तिले माहीतच नव्हतं. मंग तिनं पाह्यलं.

तो पोट्टा गाडीतच बसला होता, कपाळाले खोक पडली होती. मी त्याची गचांडी धरून बाहेर ओढला. खेमसिंगनं मले मागून धरलं, नाई तं त्या दिवशी दोन मुडदे पडले असते. खोटं कायले बोलू?

मंग सुरू झाला दुसरा तमाशा. कापसाचे सालं, यवतमाळ जिल्हा, आन् शेतकरी मेला. माती देऊन आलो नाई तं कॅमेरावाला दारात हजर. पहिलाच प्रश्न, "ताई, कोणतं औषध घेतलं होतं त्यांनी?" भागीरथाबाईनं त्याच्याकडं पाह्यलं आन् म्हणाली, "पांढऱ्या रंगाचं होतं. चार चाकाचं." त्याले काही समजलं नाई. त्यानं तसंच लिहून घेतलं असन.

गावातल्या बायाबी काही कमी नाई. विहिरीवर कुजबूज, तुरीनंच नवरा खाल्ला तिचा. रोडवर टाकाले कोणी सांगतलं होतं? मीबी तेच ओरडत होतो ना सालोसाल! पण ओरडणं वेगळं आन् मेल्या माणसाच्या बायकोले टोचणं वेगळं. माझ्या बायकोनं दोघीतिघींशी भांडण केलं त्याच्यावरून.

काही दिवसानं नरहरराव वकील स्वतः आले. संग धावजी, पुढं पुढं करत, फळाची करंडी हातात घेऊन. वकिलानं चपला बाहेर काढल्या, खाली सतरंजीवर बसले. आवाज कसा मऊ! मी तिथंच होतो, भिंतीले टेकून. मले वाटलं माफी मागाले आले. दगड! माफी मागणारा माणूस धावजीले संग आणत नाई.

"वहिनी," म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. माझा मुलगाही रात्ररात्र झोपत नाही. पण आता पुढचं पाहिलं पाहिजे. बबनराव काही दिवस गप्प गप्प होते, कापसानं खचले होते. गाडी दिसली आणि ते एकदम धावत रस्त्यावर गेले. हॉटेलातून चारचौघांनी त्यांना धावताना पाहिलंय. तुम्ही एवढंच सांगायचं. तुम्ही रस्त्यावर नव्हताच, बाजूला होतात. सरकारची मदत असते अशा घरांना, तुमचं प्रकरण मी स्वतः बसवून देईन. मुलाचं आयुष्य वाचेल, तुमचंही भागेल."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, सांगता येत नाई. कुत्रं चावलं तं जास्तीचं इंजेक्शन मागणारा माणूस! त्याले मराचं होतं? मी म्हटलं, "वकीलसाहेब, लाज वाटते का? एकदा गाडीखाली घातला, आता पुन्हा घालून राह्यले त्याले?"

धावजी म्हणाला, "शंकरसिंग, तू सरकारी नोकर आहे, कायले मधात पडतं? तू कुठी होता, हॉटेलाजवळ होता. तुले तिथून काय दिसलं?"

वकिलानं हात वर करून त्याले चूप केलं. माणूस हुशार. पुन्हा भागीरथाबाईकडं वळला. "नाहीतर मग सगळंच निघेल, वहिनी. रस्त्यावर पीक टाकणं हा गुन्हा आहे. रस्त्याच्या मधोमध उभं राहणं हाही. तूर नसती तर गाडी घसरली नसती. तुम्ही मध्ये नसता तर ते धावले नसते. नवऱ्याच्या मृत्यूला बायकोच कारण, असं कोर्टात म्हणावं लागेल मला. ते मला नको आहे हो."

भागीरथाबाई, जिच्या आवाजानं बसच्या काचा वाजे, हळू बोलली. तिनं फक्त एक विचारलं, "तुमचं पोरगं काय म्हणते?"

"तो काय म्हणणार? लहान आहे अजून."

मिशा फुटलेलं लहान! लाखाची गाडी हाकलाले मोठं आन् ठाण्यात याले लहान!

"ठाण्यात येईन मी," भागीरथाबाई म्हणाली. "जबानी द्याले." वकिलाले वाटलं बाई तयार झाली. हात जोडून निघाले. करंडी मी त्याईच्या मागं फेकाले निघालो होतो, माझ्या बायकोनं हातातून घेतली आन् गाईपुढं ठेवली.

संध्याकाळी भागीरथाबाई आमच्या अंगणात आली. खाली बसली. म्हणाली, "शंकरभाऊ, तूर मीच टाकली ना?"

"हो."

"मधात मीच उभी होती ना?"

"हो, पण त्याचा अर्थ..."

"थांब. मी रोडवर होती असं सांगतलं, तं गाव म्हणन मीच मारलं त्याले. सासरचे म्हणतीन, माझी पोरगी म्हणन मोठी होऊन. आन् नाई सांगतलं, तं म्हणतीन तो मराले धावला. बायकोले आन् लेकराले टाकून मराले धावला. दोन्हीतलं एक घ्याचं आहे मले." तिनं डोळे पुसले नाई. "माझा जीव त्यानं राखला, आन् मी त्याचं नावबी राखू नये का? पण मले भेव वाटून राह्यलं रे. खरंच मीच मारलं असन तं?"

मी आख्खी नोकरी लोकाईले उत्तरं देल्ली, कोणती गाडी कुठी जाते, किती वाजता जाते. हे असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझी चूक चुकीएवढी आहे, बाई. त्याची त्याच्याएवढी आहे. एकीत दुसरी बुडवू देऊ नको." ती उठून गेली. तिले पटलं का नाई मले समजलं नाई. मी रातभर कूस बदलत होतो.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, नाई तं तुम्ही शेवटी विचारान. केस अजून कोर्टात आहे. तारखा पडते. मंदार दुसरी गाडी चालवते, रंग वेगळा, पाय तोच. फाट्यावर एक बोर्ड लागला, "सावकाश जा", त्याच्यावर पोट्टे गोटे मारते. काटा पाहाले येणारे अजून येते. परवा एक आला होता, मी बंडी आडवी लावली रोडवर आन् खुर्ची टाकून बसलो. माझ्यावरबी केस करा म्हटलं. तो गेला वळून. रोज कोण बसन?

पण ठाण्यातलं ऐका.

ठाण्यात आम्ही सगळे होतो. ठाणेदार टेबलामागं, वकील खुर्चीवर, धावजी त्याच्या मागं उभा, मी दाराशी. वकिलानं सांगतली तशी जबानी पहिलेच लिहून ठेवलेली होती. ठाणेदारानं वाचाले सुरुवात केली. मयत बबनराव हे कापसाच्या नापिकीमुळे निराश होते, गप्प राहत असत. भागीरथाबाई खाली मान घालून ऐकत होती. अंगठ्यासाठी शाईचा डबा उघडून ठेवला होता. मयत हे अचानक धावत गाडीसमोर आले. पत्नी त्यावेळी रस्त्याच्या बाजूला होती.

"नव्हती," भागीरथाबाई म्हणाली.

ठाणेदारानं वर पाह्यलं. "काय?"

"बाजूले नव्हती मी. ते खोडा." आन् मंग आला तो आवाज. ठाण्यातल्या खिडक्या वाजल्या असतीन, मी सांगतो तुमाले. "पहिले माझा गुन्हा लिहा, साहेब. तूर मी टाकली. सरकारच्या रोडवर टाकली. आठ सालं टाकून राह्यली, दर साली टाकली, या शंकरभाऊनं दर साली हटकलं तरी टाकली. रोडच्या मधात उभी राहून मी उपणत होती. पाठ करून उभी होती. लिहा. माझं नाव लिहा, माझ्या सासऱ्याचं नाव लिहा, गाव लिहा. जी सजा असन ती द्या मले. भोगीन मी. आन् माझं लिहून झालं का मंग खाली त्याचं लिहा. त्याले सांगतलं होतं तरी तो आला. लाल फडकं पाहून आला. काटा पाहाले आला."

धावजी म्हणाला, "अवं बाई, पागल झाली का? स्वतःच्याच गळ्यात..."

"तू चूप रे शेळीवाल्या!"

ठाणेदाराले हसू आलं होतं बहुतेक, त्यानं पेनाकडं पाह्यलं. जुना कागद बाजूले सारला आन् नवा घेतला. वकील उठून उभे राह्यले. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? अहो, चार माणसांनी पाहिलंय! ते पळून जाऊ शकत होते. सुरक्षित बाजूला बसले होते ते, बाभळीखाली. कोणी ओढलं नाही, ढकललं नाही. जगायचं असलेला माणूस तिथून उठून भरधाव गाडीकडे का धावेल? सांगा ना!"

मले वाटलं, संपलं. भागीरथाबाईनं टेबलाची कड धरली.

"गाडीकडं नाई धावला तो," ती म्हणाली. "माझ्याकडं धावला. गाडी मधात आली."